सतरा फुटांची खोली

अजित मर्चंडे यांना ओळखणारी माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांची हाडं त्यांनी पाहिलेली आहेत. आणि दुसरी, ज्यांची घरं त्यांनी मोजलेली आहेत. हाडं बघणं हा पोटापाण्याचा उद्योग. परळच्या एका मोठ्या इस्पितळात ते एक्स-रे काढतात. काळे केस घेऊन तिथे लागलेला हा माणूस आता पांढरे केस घेऊन निवृत्तीची वाट बघतोय. घरं मोजण्याचा उद्योग मात्र अलीकडचा, आणि त्याचा पोटाशी संबंध एवढाच की लोक मोजून झाल्यावर चहा पाजतात आणि मर्चंड्यांना पित्त होतं.

सुरुवात वरळीला झाली. मर्चंड्यांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आणि जन्मभर एका खोलीत राहिलेल्या माणसाच्या हातात दोन खोल्या, किचन आणि घरातल्या घरात संडास असलेल्या फ्लॅटची किल्ली आली. फर्निचर करायचं तर मापं हवीत. मापं घ्यायची तर टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवं. मर्चंडे एकटे. लग्न राहून गेलं. का राहून गेलं हे विचारणारी मंडळीही आता दमली आहेत. तेव्हा त्यांनी मोबाइलवरून लेझरचं मीटर मागवलं. टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान वस्तू. तिची पाठ या भिंतीला टेकवायची, बटण दाबायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. पुन्हा दाबलं की ठिपक्यापर्यंतचं अंतर फूट-इंचात हजर. दुसऱ्या टोकाला माणूस लागतच नाही. मर्चंड्यांना ही गोष्ट जरा जास्तच आवडली.

स्वतःचं घर त्यांनी इतक्या वेळा मोजलं की फर्निचर करायचं राहूनच गेलं. मग शेजारच्यांचं मोजलं. मग वरच्यांचं, खालच्यांचं. कुणाला पडदे करायचेत, कुणाला पलंग बसतो का बघायचंय, कुणाला नुसतंच बिल्डरने फसवलं की नाही ते जाणून घ्यायचंय. सगळा मजला त्यांना लेझरमामा म्हणायला लागला. मोजताना त्यांच्या तोंडून सवयीने इस्पितळातलंच वाक्य निघतं, "हलू नका. श्वास धरा." एकदा सातव्या मजल्यावरच्या एक आजी पडद्याचं माप होईपर्यंत श्वास धरून बसल्या आणि मर्चंडे "सोडा" म्हणायला विसरले. आजी वाचल्या. पडदे मात्र आखूड झाले, पण तो दोष शिंप्याचा.

इतकी घरं मोजल्यावर कुणालाही वाटतं की आपल्याला माणसं कळायला लागली. मर्चंड्यांनाही वाटलं. त्यांनी मनाशी एक हिशेब बसवला होता. माणूस आपली खोली जेवढी सांगतो आणि ती खोली मीटरवर जेवढी भरते, त्यातला फरक म्हणजे त्या माणसाचा स्वभाव. इंच-दोन इंच फरक असला तर माणूस सज्जन. सहा इंच असला तर बोलघेवडा, पण वाईट नाही. फुटाच्या वर गेला तर याच्याशी काही बोलायचं ते चार माणसांत बोलावं. हा हिशेब त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. नुसते मोजायचे, आकडा बघायचे आणि मनातल्या मनात माणसाची रवानगी योग्य त्या खणात करायचे. खोली कमी सांगितली आणि जास्त भरली, असं त्यांच्या पाहण्यात कधी आलं नव्हतं. वय कमी सांगणारे मुंबईत पैशाला पासरी मिळतात. घर कमी सांगणारा मिळत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना भाचीचं लग्न निघालं.

भाची म्हणजे संघमित्रा. मर्चंड्यांच्या धाकट्या बहिणीची, विशाखाची मुलगी. मायलेकी परळच्या चाळीत राहतात, एका खोलीत. मेहुणे गेल्यापासून शाळेचा दाखला असो की गॅसचं कनेक्शन, मोठं माणूस म्हणून मामाच उभा राहत आला. संघमित्रा गिरणीच्या जागेवर झालेल्या एका काचेच्या टॉवरमध्ये अकाउंट्सला आहे. त्याच टॉवरमध्ये, तिच्या तीन मजले वर, सम्यक तांबे नावाचा मुलगा आहे. दोघांचं कॅन्टीनमध्ये ठरलं. आपसात ठरवून झाल्यावर त्यांनी ते रीतसर मोठ्यांना ठरवायला दिलं. तांबे लालबागचे, आपल्यातलेच, त्यामुळे मोठ्यांनाही ठरवायला फारसं जड नव्हतं. मुलीकडच्यांनी जाऊन घर बघून यायचं, तेवढं बाकी होतं.

जायच्या आधी संघमित्रा मामाकडे वरळीला आली. येताना वडापाव घेऊन आली, म्हणजे काम आहे हे मामाने ओळखलं.

"मामा, तू घर बघायला जाशील ना, तेव्हा एक बघ."

"काय?"

"एक खोली आणि किचन आहे त्यांचं. सम्यक म्हणतो पार्टिशन टाकू. पडेल का नाही, ते तू बघ."

"पडेल की."

"पडेल की नाही, नीट बघ. तुझ्या त्या रिमोटने बघ. मला दार पाहिजे मामा. पडदा नको. आतून कडी लागेल असं दार."

मर्चंडे पंख्याकडे बघायला लागले. पंखा बंद होता.

"मी जन्मात कधी कडी लावून झोपलेली नाही," संघमित्रा म्हणाली. "आईबरोबर एका खोलीत आहे तोपर्यंत ठीक. लग्न झाल्यावर सासू-सासऱ्यांबरोबर एका खोलीत नाही झोपणार. सम्यकला सांगितलंय मी तसं."

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो बरोबर आहे. पण भाड्याने जायचं तर बदलापूर नाहीतर टिटवाळा. वडिलांचं हे असं, बायपास झालेली, लगेच सोडून जाता येत नाही. म्हणून पार्टिशन. ते होत नसेल तर मग थांबायचं. किती, ते माहीत नाही."

"थांबून कुणाचं भलं झालंय," मर्चंडे म्हणाले, आणि वडापावाचा कागद उगीच नीट घडी करून ठेवला.

घर बघायला जाणं म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. या कार्यक्रमात काहीही विचारायला मुभा असते. पाणी किती वाजता येतं, लिफ्ट चालते का, मुलगा पर्मनंट आहे का, गावाला घराचं छप्पर कौलाचं की पत्र्याचं. विचारायचं नसतं ते एकच, की नवराबायको झोपणार कुठे. सगळे जण चहा पिताना खोलीभर नजर फिरवतात, पलंग मोजतात, माणसं मोजतात, आणि "हवा छान आहे इथे" असं म्हणून उठतात. गिरणगावात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं अशीच झाली आणि पोरंही झाली, तेव्हा पद्धत चालू राहिली.

तांब्यांचं घर लालबागला पाचव्या मजल्यावर होतं. इमारत जुन्या पुनर्विकासातली, म्हणजे तिला पुन्हा विकासाची गरज होती. सम्यकचे वडील भिवा तांबे, एका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र सदरा घालून दारात उभे होते. "जय भीम, या मामा." सम्यकची आई राधाबाई आतून पदराला हात पुसत आल्या. मर्चंडे आणि विशाखा यांनी दाराशेजारच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडले, आणि वळून खोलीकडे पाहिलं.

खोली मोठी वाटली. समोरची अख्खी भिंत आरशाची होती, खालपासून वरपर्यंत.

"मीच लावून घेतला," भिवादादा म्हणाले. "रिटायर झालो तेव्हा. येणारा माणूस म्हणतो, तांबे, शेजाऱ्याची खोली घेतली काय."

"सकाळी उठलं की घरात सहा माणसं दिसतात," राधाबाई म्हणाल्या. "चहा तीनच करायचा ते लक्षात ठेवावं लागतं."

बटाटेवडे आले. बोलता बोलता भिवादादांनी सांगून टाकलं, "ही खोली साडेतेरा बाय दहा. किचन वेगळं. आमचं काही लपवाछपवीचं नाही." झालं. मर्चंड्यांचा हात खिशाकडे गेला. पण लोकांच्या घरात पाहुणा म्हणून गेल्यावर मीटर काढून भिंतीला लावणं म्हणजे धाड घालायला आल्यासारखं. तेव्हा ते दाराजवळच्या खुर्चीत भिंतीला टेकून बसले, मांडीवर रुमाल अंथरला, आणि रुमालाखाली मीटर समोरच्या दिशेला धरलं. नजर भिवादादांच्या चेहऱ्यावर. मान होकारार्थी हलती. भिवादादा बायपासची हकीकत सांगत होते. नेमकं छाती उघडल्याचं आलं तेव्हा मर्चंड्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि घाम पुसायच्या निमित्ताने रुमालाखाली डोकावले.

सतरा फूट एक इंच.

मर्चंड्यांचा वडा घशातच राहिला. साडेतेरा सांगितली आणि सतरा भरली. साडेतीन फूट कमी सांगणारा माणूस. आजवरच्या हिशेबात यासाठी खणच नव्हता. त्यांनी भिवादादांकडे नव्याने पाहिलं, जसं एखाद्या भिक्खूकडे बघावं तसं.

जिना उतरताना ते विशाखाच्या कानात म्हणाले, "अशी माणसं आता राहिली नाहीत."

"वड्यात मीठ कमी होतं," विशाखा म्हणाली.

"विशू, मीठ काय घेऊन बसलीस. माणसं बघ."

पुढच्या रविवारी विहाराच्या हॉलमध्ये बोलणी झाली. दोन्हीकडची पाच-सहा माणसं, सतरंजी, चहा. तारखेचं ठरलं, हॉलचं ठरलं, जेवणात काय ते ठरलं. मग एकच विषय उरला. तो कुठला ते सगळ्यांना ठाऊक होतं. मर्चंड्यांनी घसा साफ केला. संघमित्रा कोपऱ्यात बसून त्यांच्याकडेच बघत होती.

"एक छोटीशी सूचना," ते म्हणाले. "मुलांसाठी पार्टिशन टाकावं. दारासकट. सात फुटांवर टाकलं तर आत सात बाय दहाची खोली होते, आणि बाहेर तुम्हा दोघांना दहा बाय दहा उरतं. कुणाची अडचण नाही."

भिवादादांनी राधाबाईंकडे पाहिलं. राधाबाईंनी चहाच्या किटलीकडे पाहिलं. "दहा उरतं?" भिवादादांनी विचारलं.

"आरामात."

"तुम्ही म्हणता म्हणजे असणारच," भिवादादा म्हणाले, आणि विषय संपला. संघमित्राने कोपऱ्यातूनच मामाला डोळ्यांनी शाबासकी दिली. मर्चंडे त्या दिवशी घरी जाताना लालबागहून वरळीपर्यंत चालत गेले, आणि पित्त असूनही त्यांनी वाटेत चहा घेतला.

चूक उघडी पडली ती सुतारासाठी नकाशा काढायच्या दिवशी. या खेपेला मर्चंडे उजळ माथ्याने गेले. कागद, पेन्सिल, मीटर. "कुणी हलू नका," म्हणाले. राधाबाई हातात लाटणं घेऊन किचनच्या दारात थांबल्या. मुलांची खोली आतल्या बाजूला, म्हणजे आरशाकडे होणार, म्हणून मर्चंड्यांनी मोजायला तिथूनच सुरुवात केली. मीटरची पाठ आरशाला टेकवली. लाल ठिपका समोर दाराच्या भिंतीवर, तसबिरींच्या खाली पडला. बटण.

तेरा फूट पाच इंच.

पुन्हा. तेरा फूट पाच इंच. बॅटरी काढून घातली. तेरा फूट पाच इंच. मग ते जाऊन त्या दिवशीच्या खुर्चीत, त्या दिवशीसारखेच बसले आणि मीटर समोर धरलं. सतरा फूट एक इंच.

"लाटू का आता?" राधाबाईंनी विचारलं.

"थांबा जरा."

त्या दिवशी न पाहिलेली गोष्ट त्यांनी आज पाहिली. लाल ठिपका कुठे पडलाय ते. आरशावर ठिपका नव्हताच. तो होता फ्रिजवर. फ्रिज आरशापासून तीन-साडेतीन फूट अलीकडे, बाजूच्या भिंतीला लागून उभा होता. किरण तिरका जाऊन आरशावर आपटत होता, तिथून मागे वळून फ्रिजच्या अंगावर येत होता, आणि मीटर इमानेइतबारे जाण्या-येण्याचं सगळं अंतर मोजून खोली म्हणून सांगत होतं. आरशातली खोली त्याने खरी धरली होती. तांब्यांकडे येणारे सगळे पाहुणे तेच करत आले होते. फरक इतकाच की ते पाहुणे आकडा सांगत नव्हते.

इस्पितळात नवे डॉक्टर एक्स-रेवर शंका घेतात तेव्हा मर्चंडे त्यांना ठरलेलं उत्तर देतात, की मशीन खोटं बोलत नाही डॉक्टर, पेशंट हललेला असतो. आता पेशंट ही भिंत होती आणि ती काही हललेली नव्हती. भिवादादांनी साडेतेरा सांगितली, तेरा-पाच भरली. फरक एक इंच. म्हणजे साध्या सज्जन माणसाचा खण. ज्या थोर पुरुषावर विसंबून मर्चंड्यांनी भाचीला जागा मिळवून दिली होती, तो पुरुष नव्हताच, आणि ती जागाही नव्हती.

"काय झालं मामा?" भिवादादांनी विचारलं.

"काही नाही. परत येतो," म्हणून मर्चंडे उठले. पायात चप्पल उलटसुलट घातली ती लिफ्टमध्ये कळली.

संघमित्राला त्यांनी फोनवर सांगितलं नाही. तिच्या ऑफिसखाली जाऊन उभे राहिले. ती खाली आली, तिने मामाचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "पडत नाही ना पार्टिशन?"

"खोली सतरा नाही. साडेतेरा आहे."

"मग तू सतरा कुठनं काढलीस?"

मर्चंड्यांनी आरशाचं सांगितलं. रुमालाचंही सांगितलं. संघमित्रा हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"तारीख ठरलीय मामा. लोकांना सांगून झालंय."

"हो."

"सात फूट आत घेतले तर?"

"बाहेर साडेसहा उरतात. त्यात दोन माणसं, टीव्ही, मुख्य दार आणि भिवादादांच्या गोळ्यांचं कपाट. ते माणसांना उभं राहून झोपवल्यासारखं होईल."

"मग आत किती होतं?"

"पाच. पाच बाय दहा."

"पाचात काय मावतं?"

याचं उत्तर कागदावर काढून देता आलं असतं, पण कागदावर सगळंच मावतं. मर्चंडे म्हणाले, "रविवारी सम्यकला घेऊन ये माझ्याकडे. बघू."

मर्चंड्यांच्या हॉलमध्ये फर्निचर नव्हतं हे त्या दिवशी उपयोगी पडलं. त्यांनी सकाळीच मीटर लावून जमिनीवर खडूने पाच बाय दहाचा चौकोन आखून ठेवला. त्यात पलंग आखला, चार फूट रुंद, सव्वासहा लांब. पलंगाच्या पायथ्याशी कपाट आखलं. पलंगाच्या बाजूने जायला एक फुटाची पट्टी उरली. दार आत-बाहेर उघडणारं शक्यच नव्हतं, म्हणून सरकतं दाखवलं, आणि त्याच्यावर, आतल्या बाजूने, कडी म्हणून एक छोटी फुली मारली.

सम्यक उंच मुलगा. तो चपला काढून चौकोनात शिरला आणि त्या पट्टीत उभा राहिला. "मामा, इथून मी सरळ चालायचं की तिरकं?"

"तिरकं. लग्न झाल्यावर सवय होते, असं ऐकून आहे."

"वजन वाढलं तर?"

"तर बाहेर झोपायचं," संघमित्रा म्हणाली. ती खडूच्या पलंगावर आडवी झाली होती आणि छताकडे बघत होती. "उशी कुठे? इकडे? म्हणजे दार माझ्या पायाशी. बरं. पंखा?"

"भिंतीवरचा," मर्चंडे म्हणाले.

"आणि मी ऑफिसचा कॉल घेतला तर कुठे बसून?"

"पलंगावर. माझं डोकं जिथे असेल तिथे सोडून," सम्यक म्हणाला.

सम्यकही खाली बसला. दोघं चौकोनात समोरासमोर बसून हळू आवाजात बोलायला लागले. भिंती नव्हत्या, दार नव्हतं, पण त्यांनी आवाज असा उतरवला की मर्चंड्यांना आपण उगीच खोलीत उभे आहोत असं वाटलं. ते किचनमध्ये गेले. तरी ऐकू येतंय असं वाटून त्यांनी नळ सोडला. मग पाणी वाया जातंय म्हणून त्याखाली कुकर धरला. कुकर भरून वाहायला लागला तरी बोलणं चाललेलंच होतं.

शेवटी संघमित्रा किचनच्या दारात आली.

"पाच चालेल."

मर्चंड्यांनी नळ बंद केला.

"पण पार्टिशन वरपर्यंत पाहिजे. छताला टेकलेलं."

मागून सम्यक म्हणाला, "मामा, तिथेच प्रॉब्लेम आहे. बाबा म्हणतायत वरून दीड फूट मोकळं ठेवू. खिडकी आतल्या बाजूला जाते ना. हवा यायला पाहिजे म्हणतात."

"दीड फुटातून काय नुसती हवाच जाते?" संघमित्रा म्हणाली.

सम्यकने खाली वाकून खडूची एक रेघ बोटाने पुसली आणि पुन्हा काढली.

"वरून मोकळं राहणार असेल तर मग दार कशाला, कडी कशाला," ती म्हणाली. "मग पडदाच लावा. आणि तसं असेल तर मी थांबते. मामा, हे तूच सांग त्यांना. मी नवी सून, मी सांगितलं तर जन्मभर ऐकावं लागेल. सम्यकने सांगितलं तर त्याहून वाईट."

अशा रीतीने, लग्न या विषयातला काहीही अनुभव नसलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्युटी संपवून लालबागला पाचव्या मजल्यावर जाऊन बसला. सम्यक घरी नव्हता. नसेल अशीच वेळ मर्चंड्यांनी निवडली होती. राधाबाईंनी चहा दिला. मर्चंड्यांनी आधी चूक सांगून टाकली, म्हणजे तोंडाला सवय होईल.

"भिवादादा, मी विहारात सतरा फूट धरून बोललो. ते चुकलं. तुमची खोली साडेतेराच आहे."

"हो मग," भिवादादा म्हणाले. "मी सांगितलीच होती साडेतेरा."

"तुम्हाला कळलं नाही मी चुकतोय ते?"

"कळलं की. तीस वर्षं राहतोय. दहा बाहेर आणि सात आत, मी त्या रात्री झोपूनच बघितलं. पाय किचनमध्ये गेले."

"मग बोलला का नाहीत?"

"मुलीचे मामा चार माणसांत बोलत होते. मध्ये कसं बोलणार?" भिवादादांना हे इतकं उघड वाटत होतं की मर्चंडे विचारतात याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. "म्हटलं हॉस्पिटलमधला माणूस आहे. काहीतरी युक्ती असेल."

युक्ती नव्हती. मर्चंड्यांनी पाच बाय दहाचा कागद पुढे केला. भिवादादांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. बाहेर साडेआठ उरत होते, त्यावर ते खूश झाले. सरकतं दार आवडलं. आरसा मुलांच्या खोलीत जाणार यावर आरशाकडे वळले, मग म्हणाले, "जाऊ दे. आता त्यांनी बघायचे दिवस."

"आणि पार्टिशन वरपर्यंत," मर्चंडे म्हणाले. वाक्य अगदी शेवटी, चहाच्या घोटाबरोबर, जसं काही प्लायचा रंग सांगावा तसं.

"वरपर्यंत नको. वरून दीड फूट सोडू. हवा खेळती राहते."

"मुख्य दाराला जाळीचं दार करू. किचनची खिडकी आहेच. हवा येईल."

"तशी नाही येत मामा. मी राहतो ना इथे. खिडकी बंद झाली की मे महिन्यात भट्टी."

"पंखा वाढवू."

"पंखा तीच हवा फिरवतो. दीड फुटाने मुलांचं काय बिघडणार आहे?"

मर्चंड्यांनी आयुष्यात हजारो माणसांना सदरा काढून मशीनसमोर उभं राहायला लावलं होतं, आणि त्यात त्यांना कधी संकोच वाटला नव्हता. आता त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "नाही, म्हणजे..." ते म्हणाले. "आवाज. मुलीला सकाळी लवकर... मीटिंगा असतात. ऑफिसच्या. फोनवर."

"मग आम्ही टीव्ही हळू लावू."

"तुमच्या आवाजाचं नाही म्हणत मी."

भिवादादा त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मर्चंड्यांनी पुन्हा चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. हे काम आपल्याच्याने होणार नाही, आता उठावं आणि भाचीला तसं सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. कप त्यांनी खालीही ठेवला.

राधाबाई किचनच्या दारात बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच नवऱ्याला विचारलं, "आपलं लग्न झालं तेव्हा आपल्याला काय होतं?"

"काय होतं म्हणजे?"

"साडी होती. माझीच, हिरवी. दोरीवर टाकलेली. पलीकडे तुमचे वडील."

"मग? हवा यायची की नाही?"

"हवा भरपूर यायची. आणि तुमचे वडील रात्रभर खोकायचे."

"दमा होता त्यांना."

"दिवसा नव्हता," राधाबाई म्हणाल्या, आणि एक काडी बाजूला टाकली. "दिवसा मी कधी त्यांना खोकताना ऐकलं नाही. पडदा जरा हलला की खोकायचे. चार वर्षं खोकले. ते गावाला गेले तेव्हा कुठे सम्यकचं नाव निघालं."

मर्चंडे तसबिरींच्या खालची भिंत बघत होते. भिवादादा आधी बायकोकडे, मग कागदाकडे, मग कुठेच बघेनासे झाले. खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं आणि त्याचा भोंगा बराच वेळ वाजला.

"बाबा झोपेत खोकायचे गं," भिवादादा अखेर म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"बरं. झोपेत."

आणखी थोडी मेथी निवडून झाली. मग भिवादादांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मर्चंड्यांना विचारलं, "वरपर्यंत करायचं तर तुळई मध्ये येईल ना?"

"बघावं लागेल."

"मग बघा. स्टूल देतो."

त्यांनी स्वतःच पलंगाखालून स्टूल ओढून काढलं, त्यावर मर्चंड्यांना चढवलं आणि दोन्ही हातांनी त्याचे पाय घट्ट धरले. मर्चंड्यांनी मीटरची पाठ आरशाला टेकवून पाच फुटांची जागा पक्की केली, पेन्सिल काढली आणि छतावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, स्टूल तीनदा सरकवत एक रेघ मारली. तुळई मध्ये येत नव्हती. चुन्याची पावडर भिवादादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत होती, तरी त्यांनी हात सोडला नाही.

खाली उतरल्यावर मर्चंड्यांनी भाचीला फोन लावला.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"छताला टेकतंय," मर्चंडे म्हणाले. "सुतार सोमवारी येतो."